भागाकार आलेल्यांनी नाही, नंबर लागलेल्यांनी करा
दादा, रांगेची संगणकावर नक्कल करणाऱ्या तुमच्या प्रोग्राममध्ये गिऱ्हाइकांच्या थांबण्याच्या वेळेची सरासरी कमी येते, कारण थांब्याची (रांगेत थांबलेल्या वेळेची) बेरीज फक्त नंबर लागलेल्यांची आहे आणि भागताय आलेल्या सगळ्यांनी. आमच्याकडे यवतमाळात जिनिंगच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्या लागतात, तसंच धरा. १० आल्या, ७ काट्यावर चढल्या, त्या ७ मिळून १४० मिनिटं थांबल्या. सरासरी २०, १४ नव्हे.

पण हेही अपुरंच. उरलेल्या ३ गाड्या सगळ्यात जास्त ताटकळल्या असतील, त्या हिशेबातून निसटतात. म्हणून प्रोग्राममध्ये ठरवलेली वेळ संपली की फाटक बंद करा, नवीन गाडी घेऊ नका, पण आतली रांग संपेपर्यंत घड्याळ चालू ठेवा. मग सगळ्या १० चा नंबर लागलेला असेल, म्हणून १० नेच भागा.

येण्याची वेळ प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ऑब्जेक्टमध्येच (प्रोग्राममधल्या त्याच्या स्वतंत्र नोंदीत) साठवा. काट्यावरचा वेळ, म्हणजे नंबर लागल्यावर कामाला लागणारा वेळ, थांब्यात मिसळू नका, खरी गफलत तिथंच होते.