मदत हवी आहे : दवाखाने बंद, सभासदांना आधार कसा द्यायचा?
नमस्कार मंडळी. सांगलीत आमची फिजिओथेरपिस्टांची छोटीशी संघटना आहे. २५ मार्च २०२० पासून, लॉकडाऊन लागल्यापासून, बहुतेकांचे दवाखाने बंद. विश्रामबागेतल्या एका ताईंचा परवा फोन आला. गाळ्याचं भाडं थकलंय, पण त्यांचा जीव तुटत होता तो पक्षाघात झालेल्या एका आजोबांसाठी. नुकती उघडायला लागलेली मूठ पुन्हा आखडत चाललीय. व्यायाम व्हिडिओ कॉलवर दाखवता येतो हो, पण आखडलेला सांधा हातानेच मोकळा करावा लागतो.

वर्षाची वर्गणी माफ केली, ते सोपं होतं. आता भाड्यासाठी बिनव्याजी निधी उभारायचाय. कुणाच्या संघटनेने केलाय का? आधी कुणाला द्यायचं, कसं ठरवलंत? आणि नावं चारचौघांत येऊ नयेत म्हणून काय केलंत? ताईंनी अजून पैसे मागितलेले नाहीत. मागणारही नाहीत.