विषय: ब्लूगिल घरी आणले, पण खाववले नाहीत

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी मुलाने (वय ९) तळ्याच्या धक्क्यावरून अकरा ब्लूगिल (गोड्या पाण्यातले लहान मासे) पकडले. पाण्याच्या बादलीत ठेवून संध्याकाळी घरी आणले. साफ करता करता रात्र झाली, खवले भिंतीपर्यंत उडाले, आणि तळल्यावर मांस मऊ पडलेलं, चिखलट वासाचं निघालं. काट्यांमुळे लेकाने दोन घासांत ताट सरकवलं. मासे त्याने स्वतः धरलेले, म्हणून फार हिरमुसला. आमचं कुठे चुकलं? आणि इथे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात किती मासे ठेवता येतात?

एक नवी सभासद

---

ताई,

चुकलं ते बादलीत. उन्हात त्या पाण्यातला प्राणवायू संपतो, मासा तडफडत मरतो आणि तासाभरात मांस सैल पडतं. पुढच्या वेळी कूलर आणि भरपूर बर्फ न्या. मासा ठेवायचा ठरला की डोळ्यांच्या किंचित मागे डोक्यावर एक जोरकस टोला, कल्ल्यांत सुरीने एक चीर, रक्त वाहू द्यायचं आणि लगेच बर्फात. बर्फावर थोडं पाणी ओता, म्हणजे गारवा माशाला सगळ्या बाजूंनी लागतो. चवीचा बराचसा भाग या पाच मिनिटांत ठरतो.

गळ आठ नंबरचा, लांब दांडीचा घ्या. ब्लूगिलचं तोंड इवलंसं असतं आणि तो आमिष ओढून घेतो. दांडी लांब असली की गळ काढताना त्याचा घसा फाटत नाही. गांडुळाचा नखाएवढा तुकडा पुरतो. मासा धरताना हात डोक्याकडून शेपटीकडे न्यायचा, म्हणजे पाठीवरचे काटे मिटतात. हे मुलाला आधी शिकवा.

आता मनापासून एक विनंती. मेअखेर ते जून या काळात काठाजवळच्या उथळ पाण्यात थाळीसारखे गोल खळगे दिसतात. ती ब्लूगिलची घरटी, आणि त्यांवर पहारा देणारा मोठा नर अंडी-पिल्लं राखत असतो. नेमके तेच मोठे नर लोक उचलतात. मग लहान नर लवकर वयात येतात, त्यांची वाढ खुंटते आणि काही वर्षांत तळ्यात बोटभर मासेच उरतात. म्हणून सर्वांत मोठे परत पाण्यात सोडून द्या, सहा-सात इंचांचे ठेवा.

मिनेसोटात दिवसाला सनफिश (ब्लूगिल त्यातच येतो) २० आणि क्रॅपी (त्याच कुळातला दुसरा मासा) १० अशी सर्वसाधारण मर्यादा आहे, पण कित्येक तळ्यांवर सनफिशची मर्यादा १० किंवा ५ आहे. त्या तळ्याचा नियम आधी पाहा. इथल्या १६ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही; तुम्ही स्वतः गळ टाकणार असाल तर तुम्हाला लागतो. मी तर चौघांसाठी आठ-दहाच ठेवतो. रात्री दमून साफ करायला जड जातील इतके धरूच नयेत.

काका

---

काका, साफ करण्याचं मी सांगते.

ताई, खवले वाळले की घट्ट चिकटतात. मासा ओला ठेवा आणि पाण्याने भरलेल्या टबात, पाण्याखालीच, चमच्याच्या कडेने शेपटीकडून डोक्याकडे खरवडा. एकही खवला उडत नाही. मग कल्ल्यामागून, छातीचा पर डोक्याकडे जाईल असा तिरपा काप देऊन डोकं वेगळं करा. नीट ओढलं तर आतडी डोक्याबरोबरच येतात. पोटातलं काळं पातळ पटल आणि कण्याला चिकटलेली रक्ताची रेघ अंगठ्याने घासून काढा. वास बहुतेक तिथलाच असतो.

पाठीवरचा पर कात्रीने कापू नका. दोन्ही बाजूंना खोल चिरा देऊन, शेपटीकडचं टोक धरून डोक्याकडे ओढा, म्हणजे मुळातले काटेही सोबत निघतात. पोटाखालचा परही तसाच. असा अख्खा मासा तळला की शिजलेलं मांस कण्यावरून सुटून येतं.

पण नऊ वर्षांच्या मुलासाठी मी फिलेच (बिनकाट्याचे मांसाचे काप) करेन. पातळ, लवचिक सुरी कल्ल्यामागे कण्यापर्यंत उतरवायची, मग आडवी करून कण्याला घासत शेपटीपर्यंत न्यायची. बरगड्यांचा भाग वेगळा कापून टाकायचा आणि कातडी सोलायची. मांस कमी निघतं, पण ताट सरकवलं जात नाही.

वहिनी

---

काका, वहिनी, मनापासून आभार. काल सात मासे आणले, बर्फात. एकाच्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढी पिवळी अळी दिसली, म्हणून तो बाजूला ठेवलाय. टाकू का?

---

ताई, ती पिवळी अळी म्हणजे मासेखाऊ पक्षी, गोगलगाय आणि मासा अशा फेऱ्यातला परजीवी. सुरीच्या टोकाने काढा आणि मांस ६३ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे पांढरं होऊन सहज सुटेल इतकं शिजवा. मग खायला हरकत नाही. कातडीवरच्या काळ्या ठिपक्यांचंही तेच. त्या तळ्यातल्या पाऱ्याबद्दलची राज्याची सूचना मात्र वाचून घ्या. सूचनाच नसेल तर त्या आठवड्यात त्या माशाचं एकच जेवण आणि दुसरा कुठलाही मासा नाही, असा ईपीए-एफडीएचा (अमेरिकेच्या पर्यावरण आणि अन्न-औषध खात्यांचा) सल्ला आहे.

आतडी-डोकी तळ्यात टाकू नका. पिशवीत बांधून कचऱ्याच्या दिवसापर्यंत फ्रीजरमध्ये ठेवा.

काका

---

काका, फिले केले. लेकाने चार खाल्ले आणि विचारलं, मोठा नर सोडला तो परत घरट्यावर गेला असेल का?