प्रतिसाद: सांगली-मिरज रोडच्या भिंती
या रोडच्या भिंतींवर चित्रं काढायचा विषय चाललाय, त्यावर वर एकजण म्हणालेत की भिंती रंगवण्यापेक्षा आधी खड्डे बुजवा. खड्डे बुजवायलाच पाहिजेत, पण म्हणून भिंती कोऱ्या ठेवायच्या हे काय पटत नाही. फक्त तेच ते मोर, कमळ आणि 'झाडे लावा' नको. मिरजेत तंतुवाद्यांचं काम पिढ्यान् पिढ्या चाललंय, भोपळा आणायचा, वाळवायचा, कोरायचा, मग तारा जुळवत तासन् तास बसायचं, २०२४ ला तिथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं आणि रोज त्या रोडनं कॉलेजला जाणाऱ्या कितीतरी पोरांना हे माहितीच नसतं ओ. ते काढा की भिंतीवर! आणि काढायच्या आधी त्या गल्लीतल्या कारागिरांना विचारा, खुंट्या तरी बरोबर जागी येतील. सांगलीच्या टोकाला मराठी नाटकाचे जनक विष्णुदास भावे, त्यांचं १८४३ चं 'सीता स्वयंवर' नाटक काढा. नदीकडं २०१९ च्या पुराची नुसती एक रेघ मारली तरी बास, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, विसरायची गोष्ट नाही ती.

आमच्या गल्लीतली भिंत पोरांनीच रंगवलीय. मागं तिथं वाढदिवसाचा फ्लेक्स लावायला आलेले, समोरच्या मावशींनी लावूच दिला नाही.