मैत्री झाली हे कळायला वॉशिंग मशीन उचलावी लागली

जर्मनीत दोन वर्षं काढूनही ऑफिसबाहेर एक मित्र नाही, असं कुणीतरी लिहिलेलं वाचून माझेच सुरुवातीचे दिवस आठवले. इथे ‘या कधीतरी घरी’ असं मोघम बोलणं फारसं नाही. बोलावलंच तर कॅलेंडर उघडून तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळते, आणि ती पाळली जाते. मला राग यायचा. न कळवता चहाला टपकणं हा आपला जन्मसिद्ध हक्क ना!

माझं गाडं हललं ते फेराइनमुळे, म्हणजे समान आवडीच्या लोकांच्या मंडळामुळे. सात जण जमले की संस्था नोंदवता येते, त्यामुळे नेमबाजीपासून समूहगायनापर्यंत कशाचंही फेराइन सापडतं. मी टेबल टेनिसचं धरलं. तिथे पहिल्या दिवसापासून ‘डू’, म्हणजे थेट अरे-तुरे. मला वाटलं, झाली मैत्री. कसली! चार महिने नुसतं येताना ‘हालो’ आणि निघताना ‘च्यूस’.

मग एकाने विचारलं, शनिवारी घर बदलतोय, येशील का? त्याची वॉशिंग मशीन चौथ्या मजल्यावर चढवली, लिफ्ट नव्हती. वर सगळ्यांना पिझ्झा. पुढच्या महिन्यात वाढदिवसाचं आमंत्रण आलं. (शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, अपशकुन मानतात.)

भाषा कच्ची असेल तर गावातल्या फोल्क्सहोखशूलेचे, म्हणजे प्रौढांसाठीच्या शिक्षणकेंद्राचे, संध्याकाळचे वर्ग बघा. खाजगी वर्गांपेक्षा बहुधा स्वस्त पडतात.