हेरेसच्या शेरीचा स्वभाव मातीतून येतो की पिंपातून?

मृद्गंध

वाइन या विषयावर मी गेली काही वर्षे जमेल तसे वाचत आहे. त्या वाचनातून माझी अशी समजूत झाली होती की एखादी वाइन एखाद्या प्रदेशाची ठरते ती तिथल्या मातीमुळे, हवेमुळे आणि त्या त्या वर्षीच्या पावसापाण्यामुळे. दक्षिण स्पेनमधील हेरेस आणि तिथली शेरी ही वाइन यांविषयी वाचू लागल्यापासून ही समजूत डळमळली आहे. तिथली बहुतेक वाइन पालोमिनो या एकाच पांढऱ्या द्राक्षापासून होते आणि या द्राक्षाला स्वतःची ठळक चव नाही, असे जवळपास सगळेच लिहितात. रस आंबवून झाला की त्यात द्राक्षापासूनच काढलेला मद्यार्क मिसळतात. पुढे ती वाइन वर्षानुवर्षे तळघरातल्या जुन्या पिंपांत राहते आणि तिथेही वेगवेगळ्या सालांची वाइन एकमेकींत मिसळत जाते, त्यामुळे बाटलीवर साल छापण्याचा प्रश्नच सहसा येत नाही.

द्राक्ष बेचव, साल पुसलेले आणि चव घडवणारे पिंप माणसाने केलेले, असे असेल तर प्रदेशाचा स्वभाव म्हणावा असे नेमके काय उरते? हीच पिंपे आणि हीच पद्धत दुसऱ्या देशात नेली तर तिथेही शेरीच तयार होणार नाही का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनी वही

आपल्या प्रश्नातला एकच शब्द आधी दुरुस्त करतो, कारण उत्तराचा बराचसा भाग त्या दुरुस्तीतच आहे. हेरेसची वाइन तळघरात ठेवत नाहीत. युरोपातील बहुतेक जुन्या प्रदेशांनी थंडाव्यासाठी जमीन खोदली, पण हेरेसने जमिनीवर उंचच उंच इमारती बांधल्या. तिथे त्यांना बोदेगा म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या बोदेगांना लोक कौतुकाने ‘कॅथेड्रल’ म्हणतात. जाड भिंती, चुन्याचा पांढरा रंग, खांबांच्या रांगा, छताजवळ छोट्या खिडक्या आणि त्या खिडक्यांवर एस्पार्तो गवताच्या चटया, अशी त्यांची रचना असते. गरम हवा छताशी जमते आणि पिंपे खाली गार राहतात. जमीन अल्बेरो नावाच्या पिवळसर मातीची असते आणि उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात, म्हणजे आतला ओलावा टिकतो.

हा सगळा खटाटोप ‘फ्लोर’साठी आहे. फ्लोर म्हणजे पिंपातल्या वाइनच्या पृष्ठभागावर आपणहून धरणारा यीस्टचा पांढरट थर. पिंप साधारण ६०० लिटरचे असते आणि त्यात ५०० लिटरच वाइन भरतात, कारण या थराला हवा लागते. यीस्ट वाइनमधला मद्यार्क आणि ग्लिसरीन खाऊन जगते, खालच्या वाइनला हवा लागू देत नाही आणि तिला बदाम, ताजी कणीक यांची आठवण करून देणारा, काहीसा खारट वाटणारा कोरडेपणा देते. मिसळलेल्या मद्यार्काचे कामही इथेच कळते. वाइन १५ टक्क्यांच्या आसपास ठेवली तर फ्लोर सुखाने जगते आणि फिनो तयार होते. १७ टक्क्यांच्या पुढे नेली तर फ्लोर तग धरत नाही, वाइनला हवा लागते आणि ती गडद, अक्रोडासारख्या वासाची ओलोरोसो होते. ज्या वाइनने आधी फ्लोरखाली काही वर्षे काढली आणि मग थर विरल्यावर हवेत वय वाढवले, ती अमोन्तियादो.

आता प्रदेशाकडे येऊ. या भागात दोन वारे राज्य करतात. पोनिएन्ते पश्चिमेकडून, अटलांटिकवरून येतो आणि गारवा व दमटपणा आणतो. लेवान्ते आग्नेयेकडून येतो, तो कोरडा आणि तापलेला असतो. बोदेगा बांधताना पोनिएन्ते आत यावा आणि लेवान्ते अडावा, अशा बेताने तिची दिशा व खिडक्या ठरवल्या जात. पिंप माणसाचे आहे हे खरे, पण ते कोणत्या हवेत ठेवले आहे हे प्रदेशाने ठरवलेले आहे, आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तिथे दिसते. पिंपाच्या लाकडाची चव तर तिथे कोणाला नकोच असते. नवे ओक शेरीला मानवत नाही, म्हणून पिंपे जितकी जुनी तितकी प्रिय असतात.

कोरडवाहू

‘जुनी वही’ यांचा प्रतिसाद उत्तम आहे, तरी त्यात शेत थोडे मागे राहिले असे मला वाटते. शेरीवर लिहिणारे बहुतेकजण बोदेगात शिरतात आणि मळ्यात पाय ठेवत नाहीत, याची मला नेहमी खंत वाटते.

हेरेसच्या टेकड्या उन्हाळ्यात डोळे दिपतील इतक्या पांढऱ्या दिसतात. ही अल्बारिसा माती. एके काळी तिथे समुद्र होता आणि त्यातल्या डायअॅटम या सूक्ष्म जीवांचे अवशेष व चुना यांपासून ही माती बनली आहे. पाऊस वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या घरात पडतो, पण तो जवळजवळ सगळा शरद ऋतूपासून वसंतापर्यंत येतो, आणि वेलीला पाण्याची खरी गरज असते त्या उन्हाळ्यात आकाश कोरडे असते. अल्बारिसा हिवाळ्याचे पाणी स्पंजासारखे शोषून घेते, उन्हात तिच्यावर कडक पापुद्रा धरतो आणि खालची ओल उडून जात नाही. वेलीची मुळे त्या ओलीच्या मागे मीटरच्या मीटर खोल जातात.

माणसानेही त्यात हात घातला आहे. द्राक्षतोडणी संपली की वेलींच्या ओळींमध्ये माती उकरून चौकोनी खळगे करतात, म्हणजे उतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी तिथेच थांबते आणि मुरते. या कामाला तिकडे आसेर्पिया म्हणतात. वसंतात पुन्हा जमीन सपाट करतात. पाणी अडवण्याचे हे कष्ट ज्याने कधी केले असतील त्याला हेरेसचा शेतकरी लगेच ओळखीचा वाटेल.

पालोमिनोला बेचव म्हणणेही मला पुरते पटत नाही. वाळूत वाढलेली पालोमिनो आणि जुन्या अल्बारिसात वाढलेली पालोमिनो यांच्या रसात फरक असतो, आणि जुने मळेवाले तो ओळखत असत. माचार्नुदो, बाल्बाइना, कार्रास्काल, मिराफ्लोरेस ही तिथल्या नामवंत ‘पागों’ची, म्हणजे मळ्यांच्या टापूंची नावे आहेत. समुद्राकडच्या बाल्बाइनाची वाइन नाजूक आणि आतल्या उंच माचार्नुदोची अंगाने भरलेली, असा लौकिक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शिवाय एकच द्राक्ष ही तिथली जन्मापासूनची स्थिती नव्हे. सिमोन दे रोहास क्लेमेंते या निसर्गअभ्यासकांनी १८०७ साली आंदालुसियातील, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या द्राक्षजातींचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात शंभरावर जाती आहेत. वेलींच्या मुळांवर जगणारी फिलॉक्सेरा ही कीड १८९४ मध्ये हेरेसमध्ये पोहोचली, मळे अमेरिकी मुळांवर नव्याने लावावे लागले, आणि त्या लागवडीत पालोमिनोने बाकीच्यांना बाजूला सारले.

मृद्गंध

दोघांचेही मनापासून आभार. तळघराची माझी चूक मान्य आहे आणि ती दुरुस्त झाल्याचा आनंदही आहे. तरी एक शंका राहतेच. माती इतकी गुणी आणि पागोंची नावे इतकी जुनी असताना, शेवटी सगळ्या सालांची वाइन एकत्र का करायची? आणि पागोंची नावे बाटलीवर का दिसत नाहीत?

दस्तऐवज

या दोन्ही गोष्टींची कारणे इतिहासात, त्यातही व्यापारात सापडतात.

वेगवेगळ्या सालांची वाइन पिंपांत मिसळत नेण्याची ही पद्धत, म्हणजे सोलेरा, आपण समजतो तितकी प्राचीन नाही. या भागात वेली फिनिशियन लोकांच्या काळापासून आहेत असे मानतात. अरबी अमदानीत गावाचे नाव शेरीश होते आणि ‘शेरी’ हा शब्द त्यावरूनच आला. १२६४ मध्ये कास्तीलचा ख्रिस्ती राजा दहाव्या आल्फोन्सोने ते गाव कायमचे जिंकले, आणि ख्रिस्ती व मुस्लिम राज्यांच्या सीमेवरचे म्हणून पुढे त्याच्या नावाला ‘दे ला फ्रोन्तेरा’ ही जोड मिळाली. इंग्लंडच्या फ्रान्सिस ड्रेकने १५८७ मध्ये जवळच्या कादिस बंदरावर छापा घालून सुमारे २,९०० पिंपे पळवली असे सांगतात, तीही सोलेराची नव्हती. त्या काळात वाइन त्या त्या वर्षाची म्हणूनच जहाजावर चढत असे.

अठराव्या शतकात मळेवाल्यांच्या संघाचे नियम जुनी वाइन साठवून ठेवण्याच्या विरुद्ध होते, कारण साठा करणारा व्यापारी भाव पाडेल अशी त्यांना भीती वाटे. परदेशी बाजाराला मात्र दर वर्षी तीच चव हवी होती. व्यापाऱ्यांनी मग जुन्या पिंपातून थोडी वाइन काढायची आणि तेवढीच नवी भरायची, असा मार्ग धरला. संघ १८३४ मध्ये बरखास्त झाला आणि त्यानंतर ही पद्धत मोकळेपणाने फोफावली. सर्वांत जुन्या पिंपांची रांग जमिनीलगत, ती सोलेरा. तिच्या वरच्या रांगा क्रिआदेरा, म्हणजे संगोपनाच्या. विक्रीसाठी सोलेरातून थोडा हिस्सा काढतात, ती तूट पहिल्या क्रिआदेरातून भरतात, तिची दुसऱ्या क्रिआदेरातून, आणि सर्वांत वर नव्या वर्षाची वाइन जाते. कोणतेही पिंप कधीच पूर्ण रिकामे होत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षाचा अंश, कितीही सूक्ष्म असला तरी, आत राहतोच.

आणि या मिसळण्याचे कारण निव्वळ बाजाराचे नव्हते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. फ्लोर हा जिवंत थर आहे. एकाच पिंपात एकच वाइन ठेवली तर त्यातले पोषण काही वर्षांत संपते आणि थर मरतो. वरच्या रांगेतून येणारी तरुण वाइन त्याला नवे अन्न देते, आणि म्हणूनच फिनो कित्येक वर्षे फ्लोरखाली राहू शकते. विरजण जिवंत ठेवण्यासाठी रोज थोडे ताजे दूध लागावे, तसेच काहीसे. साल पुसले जाते ते असे, आणि त्याच्या बदल्यात अनेक सालांचा एकत्रित स्वभाव हाती येतो.

पागोंची नावे हरवली ती मोठ्या व्यापारामुळे. ग्राहक घराण्याचे नाव आणि वाइनचा प्रकार पाहून बाटली घेत असे, मळा त्याला दिसतच नव्हता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस निर्यात शिखरावर होती आणि मळे २०,००० हेक्टरांच्या पुढे गेले होते. स्वस्त, गोड केलेल्या शेरीने नाव खराब केले, मागणी कोसळली, वेली उपटल्या गेल्या आणि आज सुमारे ७,००० हेक्टर उरले आहेत. एवढ्या मळ्यांचे जाणे ही त्या प्रदेशाची मोठी हानी होती. त्यानंतर मात्र काही उत्पादक पुन्हा पागोकडे वळले आणि त्याचे नाव बाटलीवर आणू लागले. नियमही अलीकडे सैल झाले आहेत, आणि मद्यार्क न मिसळता नैसर्गिकरीत्या १५ टक्क्यांपर्यंत पोहोचलेल्या फिनोलाही आता मान्यता आहे.

दुसऱ्या देशात शेरी होणार नाही का, हा आपला पहिला प्रश्न कायद्यापुरता तरी निकालात निघाला आहे. ब्रिटिश शेरी, दक्षिण आफ्रिकी शेरी अशी नावे दीर्घकाळ बाजारात होती. १९९६ पासून युरोपीय संघात हे नाव हेरेसच्या वाइनसाठीच राखीव आहे.

वाटसरू

कायद्याने नाव राखता येते, पण चवीचे काय, असे ‘मृद्गंध’ म्हणतील. त्यासाठी दुसऱ्या देशात जाण्याची गरज नाही, हेरेसपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या सानलुकार दे बारामेदापर्यंत गेले तरी पुरे आहे. तेच पालोमिनो, तीच अल्बारिसा, तीच पिंपे, तीच सोलेरा. सानलुकार ग्वादालकिविर नदीच्या मुखाशी, थेट अटलांटिकच्या काठावर आहे, एवढाच काय तो फरक. हेरेसमध्ये उन्हाळ्याच्या ऐन तापात आणि हिवाळ्याच्या थंडीत फ्लोर पातळ होते, तर सानलुकारच्या दमट, सौम्य हवेत ती वर्षभर दाट राहते. परिणामी वाइन अधिक हलकी, अधिक तीक्ष्ण होते आणि तिला फिनो न म्हणता मान्सानिया म्हणतात. १९६४ पासून तिला स्वतंत्र भौगोलिक मान्यताही आहे.

मी तिथे गेलो होतो तेव्हा एका बोदेगात कापातास, म्हणजे पिंपांची देखभाल पाहणारे प्रमुख, वेनेन्सियाने पिंपातून वाइन काढून दाखवत होते. वेनेन्सिया म्हणजे लांब दांडीचा छोटा पेला. हेरेसमध्ये दांडी पूर्वी देवमाशाच्या तोंडातल्या शिंगासारख्या पट्टीची (बलीनची), लवचीक असे आणि सानलुकारमध्ये ती वेताची असते. पेला फ्लोरमधून झटक्यात खाली न्यायचा, म्हणजे थर फाटत नाही. मी त्यांना विचारले की हेच पिंप हेरेसला नेले तर काय होईल. त्यांनी काही महिने थांबून पुन्हा चाखायला सांगितले, आणि तोवर ती मान्सानिया राहिलेली नसेल, असे ते म्हणाले.

‘मृद्गंध’ यांना संधी मिळाली तर एक फिनो आणि एक मान्सानिया शेजारी ठेवून, दोन्ही चांगल्या गार करून, एकाच बैठकीत चाखाव्यात. बाटल्या ताज्या असाव्यात आणि उघडल्यावर काही दिवसांतच संपवाव्यात, कारण बाटलीत फ्लोरचे संरक्षण नसते आणि हवा लागताच वाइन उतरू लागते.