भुंगा म्हणजे नेमका कोणता?

परभणीकर:
एका शब्दावर अडलोय, मदत करा. पावसाळ्यापासून आम्ही गावातले काही जण मिळून रानातले, बांधावरचे किडे बघून लिहून ठेवतोय. शाळेतली लेकरं आहेत, खुरपायला जाणाऱ्या बाया आहेत, मेंढरं राखणारे एक काका आहेत. फोन असेल तो फोटो काढून आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-जीवजंतूंच्या नोंदी ठेवायच्या ॲपवर टाकतो, नसेल तो तोंडी सांगतो आणि लेकरं वहीत लिहितात. आता वहीत 'भुंगा' 14 वेळा आलाय, काही नोंदी श्रावणातल्या, सोयाबीनवरच्या, आणि काही दिवाळीच्या आसपास तुरीच्या फुलावरच्या. हा एकच किडा कसा असेल? दोघांना वेगळे शब्द आहेत का?

लातूरकर:
एक नाहीच. भुंगा आला भृंगावरून, म्हणजे गुं गुं करणारा मोठा काळा. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात भ्रमर कोरडं लाकूड पोखरतो पण कोवळ्या कळीत अडकून पडतो असा दृष्टांत आहे, तो हाच, घराच्या वाशाला गोल भोक पाडणारा. लाकूड खात नाही तो, आत घर करतो, परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालतो. गोत मधमाशीचं, आणि तुरीच्या फुलाला त्याचा फायदाच होतो.
सोयाबीनवरचा तो चक्रीभुंगा. बारीक अंगाचा, लांब मिशांचा, पाठीवर टणक पंख. मादी देठाला नाहीतर खोडाला गोल फिरून दोन खाचा पाडते, मधी अंडं घालते आणि वरचा भाग वाळून जातो. खरं तर अशा टणक पंखवाल्याला भुंगेरा म्हणायला पाहिजे, हुमणीचे भुंगेरे म्हणतोच की आपण. वहीत तसं दुरुस्त करून घ्या.

बीडकर:
लातूरकर, माहिती लई कामाची दिली तुम्ही, पण दुरुस्त कामून करायचं? माझी आई दोघांनाही भुंगाच म्हणते, पण तिला नुसतं भुंगा दिसला म्हणून सांगा, ती लगेच विचारती "फुलावरचा का दांड्यावरचा?" म्हणजे फरक तिला पक्का माहीत आहे, शब्दात नाही तर जागेत आहे तो. तिनं सांगितलेलं खोडून आपण भुंगेरा लिहिलं तर पुढच्या वेळेला ती म्हणेल तुमचं तुम्हीच लिहा बाबा, आणि जन्मभर रानात वाकून काम केलेलं माणूस मोजणीतून गेलं.
दुसरं, अशा कामाला कुठं कुठं नागरिक विज्ञान म्हणतात ते मला पटत नाही. नागरिक म्हणलं की आमच्याकडं कागदपत्रं आठवतात. अमेरिकेत पण सिटिझन शब्दानं काही माणसं बाहेर राहतात म्हणून बऱ्याच जणांनी कम्युनिटी सायन्स म्हणायला सुरुवात केलीय. आमच्या गावातली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, गावाची मोजणी म्हणलं की ती सुटली. उसाच्या फडात किडे नाहीत का? तिथून व्हॉईस मेसेज पाठवला तरी चालला पाहिजे. लोकविज्ञान म्हणा साधं.

लातूरकर:
मान्य. पण फोटो किंवा आवाज नसेल तर आयनॅचरलिस्टवर नोंद रिसर्च ग्रेडला, म्हणजे अभ्यासाला वापरता येईल अशा दर्जाला जात नाही, आणि फोटो असला तरी दुसऱ्या कुणीतरी ओळख पटवावी लागते. मग तोंडी सांगितलेल्याचं काय?

परभणीकर:
त्यासाठीच वही. मी असं करतो, सांगणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा, बाजूला "कुठं बसला होता" आणि "काय करत होता" असे दोन रकाने, आणि फोटो मिळाला तर शास्त्रीय नाव नंतर. आईंचा प्रश्नच रकाना झाला, त्यांना सांगा. जुन्या 14 नोंदी ज्यांनी सांगितल्या त्यांनाच परत विचारतो.
अजून एक. मिरगाचा किडा, पहिल्या पावसात निघतो तो लाल मखमली. आठ पाय आहेत त्याला, म्हणजे शास्त्रात तो कीटक नाहीच, कोळ्याच्या भावकीतला. एक सर म्हणाले काढून टाका.

बीडकर:
काढू नका हो. लेकरं सगळ्यात आधी तोच आणून दाखवतात. पायांचा पण रकाना करा, लेकरंच मोजतील. आणि तुमच्याकडं त्याला अजून काय म्हणतात तेही लिहा इथं, जालन्याकडचे, हिंगोलीकडचे कोणी असतील तर त्यांनी पण सांगा.