मदत हवी आहे: अण्णांच्या हातातला ग्राफ्ट पुन्हा गुठळीनं बंद पडू नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही जिंतूर तालुक्यातले. वडील, वय ६४, दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा परभणीला डायलिसिसला जातात. शिरा बारीक, फिस्टुला (धमनी आणि शिरेचा थेट जोड) टिकला नाही. मग डाव्या हातात ग्राफ्ट, म्हणजे ६ मिमीची कृत्रिम नळी बसवली, टेफ्लॉनच्याच जातीची. एक टोक धमनीला, दुसरं शिरेला. वर बोटं ठेवली की घरघर लागते. अण्णा रोज उठल्या उठल्या हात कानाशी नेतात आणि आईला सांगतात, "मोटार चालू हाय."

मार्चमध्ये एका सकाळी मोटार बंद. आदल्या दिवशी मशीनवर बीपी ९० पर्यंत उतरलं होतं, घरी आले ते दमून त्या डाव्या हाताच्याच कुशीवर झोपले. दुपारपर्यंत संभाजीनगर गाठलं. गुठळी काढली आणि शिरेच्या जोडाशी वाट आक्रसली होती ती फुगा घालून मोठी केली. डॉक्टर म्हणाले, परत होऊ शकतं. ओपीडीत मागं एवढी रांग, की जास्त काही विचारता आलं नाही.

पाहुणे म्हणायलेत, ॲस्पिरिननं काय होतंय, रक्त पातळ करायची भारी गोळी मागा. मागावी का? दुसरं म्हणजे ऊन. पारा ४३ वर आणि पाणी दिवसाला एक लिटर. रक्त घट्ट होऊन गुठळी होते म्हणतात, मग पाणी वाढवायचं का? आई तांब्या लपवते, अण्णा तो शोधतात. घरात रोज हेच चाललंय.

उत्तर १ (डायलिसिस टेक्निशियन, लातूर): दादा, भारी गोळी स्वतःहून मागू नका. आपल्या रक्तवाहिनीला आतून जिवंत अस्तर असतं, ते रक्त गोठू देत नाही. या नळीला ते नाही. हेपरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) लेप दिलेल्या नळ्या मिळतात, पण तुमचं खरं दुखणं जोडावर आहे. तिथं आतून पेशी वाढून वाट अरुंद होते, प्रवाह मंदावतो, मग गुठळी. गोळीनं जोड रुंद होत नाही, उलट डायलिसिसच्या माणसाला रक्तस्राव व्हायची भीती. पाणीही मनानं वाढवू नका. उन्हाळ्यात घाम जातो, जेवण कमी होतं, म्हणून 'ड्राय वेट', म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, नव्यानं ठरवून घ्या. मशीननं जास्त पाणी ओढलं की बीपी पडतं, आणि बीपी पडलं की नळी बंद पडायला वेळ लागत नाही. सुई काढल्यावर बोटानं बेतानं दाबा, पट्टा करकचून नको. सुई दरवेळी जागा बदलून. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, घट्ट बाही नाही, उशाला घेणं नाही.

आणि डायलिसिसच्या कागदावर 'व्हेनस प्रेशर', म्हणजे मशीनमधून रक्त अंगात परत जातानाचा दाब, बघा. पंपाची गती तीच असून ते चढत असेल, सुईची जागा जास्त वेळ वाहत असेल, हात सुजत असेल किंवा घरघरीऐवजी नुसता ठोका लागत असेल, तर जोड पुन्हा आवळायलाय. नळी चालू असतानाच डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करा. घरघर पूर्ण थांबली तर त्याच दिवशी निघा.

धागाकर्ता: ताई, कागद काढले. गती २५० च, प्रेशर मात्र १३०, १५०, १८५. घरघर लागतेय अजून. आत्ताच डॉक्टरांना फोन केला, उद्या सकाळी डॉपलरला बोलावलंय. आईनं तांब्या पुन्हा माठावर ठेवलाय, माप मात्र तेच.